मिस्त्री पाणी प्याला

टिकाराम मिस्त्रीला मी आता अरेतुरे करते. पहिले टिकारामजी म्हणायची. साकोलीत अजूनही बरेच लोक त्याला जी लावतात. लावू देत, त्यांच्या आया जिवंत आहेत.

माझी आई बायजाबाई त्याच्या भरवशावर घेतलेल्या घरात भिंतीखाली गेली. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका. पण खोटंही सांगणार नाही. त्याचं जे चांगलं होतं ते आधी सांगते, कारण ते नसतं तर आम्ही मायलेकी फसलोच नसतो.

टिकाराम हायवेच्या पलीकडच्या टोलीवरचा, दहावीस घरांच्या वस्तीतला. पंधराव्या वर्षी घमेलं उचललं, विसाव्या वर्षी हातात थापी आली, आणि पुढची तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती बांधण्यात गेली. मग एका शेडचं काम चालू असताना मचाणावरून पडला. डावा पाय जुळला पण वाकडा जुळला. चढणं-उतरणं संपलं. बायको देवकाबाई लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायची आणि हा घरी खाटेवर बसून छताकडे पाहायचा.

तेवढ्यात एका रिटायर कंडक्टरला जुनं घर घ्यायचं होतं. सोबत कोणी जाणकार पाहिजे म्हणून तो टिकारामला सायकलवर डबलसीट बसवून घेऊन गेला. टिकारामनं घर पाहिलं आणि घेऊ नका म्हणाला. कंडक्टरनं ऐकलं नाही, घेतलं. पुढच्या पावसाळ्यात समोरचा छज्जा त्याच्या नव्या स्कूटरवर येऊन पडला. स्कूटर गेली, पण मिस्त्रीचं नाव झालं. तेव्हापासून घर घ्यायचं असो की ठेकेदाराकडून ताब्यात घ्यायचं असो, लोक म्हणायचे, पहिले टिकारामजीला दाखव.

त्याची पाहण्याची रीत मी स्वतः पाहिली आहे. खांद्यावर रेक्झिनची पिशवी. तिच्यात लहान हातोडी, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी आणि काचेचा एक हिरवा कंचा, पोरं खेळतात ती गोटी. आल्याबरोबर कोणाशी न बोलता घराला बाहेरून एक चक्कर मारायचा. मग आत येऊन प्रत्येक भिंतीवर हातोडीनं टकटक करायचा, कान लावून. प्लास्टर कुठं सुटलं ते त्याला आवाजावरून समजायचं. भिंतीच्या बुडाशी नखानं खरवडून ओलीचा खार, लोणा, लागला का ते पाहायचा. कंचा फरशीवर ठेवून तो कुठं जातो ते पाहत उकिडवा बसायचा. आणि सगळ्यात शेवटी बाहेर जाऊन शेजारपाजारचा एखादा म्हातारा गाठायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, घर बांधायच्या आधी इथं काय होतं. मग ज्यानं बोलावलं त्यालाच बाजूला घेऊन खरं ते सांगायचा. विकणाऱ्याचा चहा नाही, पान नाही, खुर्चीवर बसणंसुद्धा नाही.

आणि पाणी. हे पाणी नीट ध्यानात ठेवा. घर पाहून होईपर्यंत तो त्या घरचं पाणी तोंडाला लावत नसे, मग मे महिना का असेना. घर चांगलं निघालं तर सांगून झाल्यावर तो पाणी मागायचा आणि उभ्यानं गटागटा प्यायचा. घरात खोट असली तर चपला घालून तसाच तहानेला निघून जायचा. त्याचं म्हणणं असं की ज्या घराला मी वाईट म्हटलं त्याचं पाणी कोणत्या तोंडानं पिऊ. हळूहळू असं झालं की तो काय बोलला हे कोणी विचारेचना. पानठेल्यावर, बाजारात, एकच विचारणा. मिस्त्री पाणी प्याला का? प्याला असेल तर सौदा पक्का. नसेल तर विकणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यायचा.

त्याच्या सख्ख्या भावाचं, गोमाजीचं घर विकायला निघालं तेव्हा घेणाऱ्यानं यालाच बोलावलं. ते घर टिकारामनंच तरुणपणी बांधलं होतं. त्यानं सगळी तपासणी केली आणि घेणाऱ्याला सांगितलं, ही मागची भिंत मीच बांधली, माल कमी होता, मला माहीत होतं, तरी बांधली, घेऊ नका. गोमाजीची बायको तांब्या घेऊन दारात उभीच राहिली. हा गेला निघून. सौदा मोडला. गोमाजी पुढं चार वर्षांनी वारला, तर त्याच्या पोरांनी याला तिरडीला खांदा देऊ दिला नाही. हा स्मशानाच्या फाटकापर्यंत लंगडत मागं मागं गेला आणि तिथून परत आला. असा माणूस. मी नाही म्हणत नाही.

आमचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात आम्हाला प्लॉट मिळाला, आईनं घर उभं केलं, पण तिला ते कधी आपलं वाटलं नाही. एकदा भिंतीला भेग गेली म्हणून मी नाव ऐकून टिकारामला तिकडे बोलावलं होतं. त्यानं घर पाहिलं, भेग वरवरची आहे म्हणाला, घाबरण्याचं कारण नाही म्हणाला. आणि मग आईला म्हणाला, बाई, पाणी आण. आई जागची हललीच नाही. आम्ही बौद्ध. त्याच्या जातीतला, त्याच्या वयाचा माणूस आमच्या घरी आपल्या तोंडानं पाणी मागतो हे तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं तांब्या तीनदा घासला. तो प्याला, अजून एक दे म्हणाला, तोही प्याला. ही गोष्ट आईनं पुढची सहा वर्षं येईल त्याला सांगितली. तिच्यासाठी तो माणूस तेव्हापासून भाऊ झाला.

मी नर्स. लग्न केलं नाही, त्याची चर्चा इथं नको. साकोलीजवळच्या दवाखान्यात बदली झाली तेव्हा आईला सोबत घेऊन भाड्याच्या खोलीत राहिली. आईचा एकच धोशा होता, मरायच्या आधी एकदा आपल्या घरात नीज लागू दे, जे कोणी बुडवणार नाही. मग आम्ही घर शोधायला लागलो. हायवेपासून आत नवीन लेआउट पडलं होतं, एकसारखी बारा घरं, समोर आंगण, मागं संडास-बाथरूम. ठेकेदाराचं नाव कैलाश. कैलाश म्हणजे टिकाराम मिस्त्रीचा जावई, त्याची एकुलती एक पोरगी रक्षा हिचा नवरा.

रक्षाला मी दवाखान्यात ओळखायची. वर्षातून तीनचार वेळा ती यायची. कधी भुवई फुटलेली, कधी मनगट सुजलेलं. मी विचारायची, काय झालं? ती म्हणायची, मोरीत पाय घसरला. मी रजिस्टरमध्ये लिहायची, मोरीत पाय घसरून पडली. डॉक्टरही पाहायचे, मीही पाहायची. एवढ्या वेळा कोणाचा पाय घसरत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ती जे सांगते ते लिहिणं आपलं काम, असं म्हणून मी कापूस-पट्टी करायची आणि पुढचा पेशंट घ्यायची. आता रक्षा कशी मार खायची हे तिच्या बापाला माहीत नव्हतं असं समजू नका. त्याला सगळं माहीत होतं.

पोरीच्या लग्नानंतर टिकारामनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की जावयाचं घर मी पाहणार नाही, कोणी बोलावू नका. लोकांना ते आवडलं. म्हणाले, पहा, याला म्हणतात माणूस. मी गेली तेव्हा मलाही तेच म्हणाला. दुसरं कोणतंही घर सांगा, येतो, पण हे नको. मी दोनदा गेली, दोनदा त्यानं हात जोडले. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मी पडली हट्टी. कैलाशच्या हापिसात, त्याच्या तोंडावर, चार माणसांसमोर मी म्हटलं की टिकारामजी या घरात येऊन पाणी प्याले तरच मी घेईन, नाही तर नाही. कैलाश हसला. म्हणाला, हात्तीच्या, एवढंच न मॅडम, पाजतो न.

हे मी बोलली. मीच. हे कोणावर ढकलता येत नाही.

आठ दिवसांनी दुपारी टिकाराम आला. आई, मी, कैलाश, आणि कैलाशनं मुद्दाम आणलेली रक्षा. ती हातभर बांगड्या आणि पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून, त्या उन्हाळ्यात. मिस्त्रीनं चक्कर मारली, टकटक केली, ओळंबा सोडला. कंचा फरशीवर ठेवला, तो जागचा हलला नाही. सगळं नवंकोरं, काय हलणार? फक्त एक गोष्ट त्यानं त्या दिवशी केली नाही. बाहेर जाऊन कोण्या म्हाताऱ्याला विचारलं नाही की इथं पहिले काय होतं. मला ते खटकलं. मग मीच मनाची समजूत घातली, जावयाचंच लेआउट, याला माहीत असेल.

माहीत तर होतंच. तिथं बोडी होती. धानाला पाणी द्यायचं जुनं लहान तळं. तिच्यात तो लहानपणी म्हशी धुवायचा, हे मला नंतर समजलं. कैलाशनं ती पाडलेल्या घरांच्या मलब्यानं बुजवली, वरून हातभर मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि बारा घरं उभी केली. टोलीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक. घेणारे सगळे आमच्यासारखे बाहेरचे.

आईला घर पाहूनच भरून आलं होतं. पण ती शेतकऱ्याची बाई, तिनं नेमकं तेच विचारलं.

"भाऊ, वरचं तं चांगलं दिसते. खालची जमीन कशी हाय जी?"

टिकारामनं तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात रक्षा स्टीलचा गिलास घेऊन पुढं आली. कैलाश तिच्या मागं दाराला टेकून उभा. गिलास धरलेला तिचा हात थरथरत होता, पाणी फरशीवर सांडत होतं.

"बाबा, पाणी घ्या न जी."

मी नर्स आहे. तो हात काहून थरथरतो हे त्या खोलीत मला जेवढं समजत होतं तेवढं कोणाला समजत नव्हतं. आणि मी काय विचार केला सांगू? मी म्हटलं, पी बाप्पा लवकर, म्हणजे घर होऊन जाईल. मला पण घर पाहिजे होतं.

तो प्याला. सगळा गिलास प्याला, उभ्यानं. बोलला एक शब्द नाही. पिशवी उचलली आणि निघून गेला. आईनं माझा हात दाबला. तिचा भाऊ पाणी प्याला होता.

पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या खोलीची फरशी बोटभर खाली गेली. मी कैलाशला फोन केला, तो म्हणाला, नवीन घर बसतेच मॅडम, सगळीकडे बसते. आई म्हणाली, भाऊ पाणी पेला हाय, काई होत नाही. ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी ऊन पडलं. मी ड्यूटीवर होती. आई मागच्या भिंतीला पाठ लावून सुपात तांदूळ निवडत बसली होती. भिंत बाहेर नाही पडली, आत पडली.

तिला माझ्याच वॉर्डात आणलं. केसात तांदूळ होते. नऊ दिवस ती जिवंत होती आणि नऊही दिवस शुद्धीवर होती. कंबरेखाली काही राहिलं नव्हतं. ती कोणाला शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं होतं. ती एवढंच विचारायची, मिस्त्रीभाऊले समजलं का, तो आला का पाहायले. मी म्हणायची, येईल. तो आला नाही.

ती गेल्यावर पंचनाम्याला साहेब आला. बिचारा परजिल्ह्यातला, नवीन. सगळं लेआउट जमा झालं. मी साहेबाला सांगितलं की या माणसानं घर पाहून दिलं होतं, याला खाली बोडी आहे हे माहीत होतं. टिकारामला पुढं बोलावलं. कैलाश शेजारीच उभा. साहेबानं विचारलं, घर चांगलं आहे असं तुम्ही या बाईंना सांगितलं होतं काय? आता सगळं त्याच्या एका शब्दावर होतं. भावाच्या दारातून तहानेला गेला तोच हा माणूस, आता तरी खरं बोलेल, असं मला वाटलं. रांडेची मी, मला अजूनही तसंच वाटलं.

"नाही साहेब. घर चांगलं हाय असं म्या म्हटलं नाही. इचारा त्याईले."

मी म्हटलं, साहेब, हा पाणी प्याला होता. साहेबानं पेन थांबवला. पाण्याचा काय संबंध, म्हणाला. मी लोकांकडे पाहिलं. त्या बारा घरांतला एक एक माणूस आमच्या घरी मिस्त्री पाणी प्याला का हे विचारूनच तिथं राहायला आला होता. सगळ्यांना संबंध माहीत होता. पण लेआउटचं नाव खराब झालं तर त्यांची घरं कोण घेणार? कोणी तोंड उघडलं नाही. साहेबानं परत टिकारामला विचारलं, काय म्हणतात या?

"तहान लागली होती साहेब. पाणी पेलो."

साहेबानं अतिवृष्टीनं भिंत पडली असं लिहिलं. दुसरं तो बिचारा काय लिहिणार?

मी त्याच घरात राहिली. समोरची खोली आणि सैपाकघर उभं होतं, मागं ताडपत्री बांधली. दुसरीकडे जायची ऐपत नव्हती, आणि विकायला काढलं तर घेणारा कोण? मे महिन्यात एका दुपारी फाटक वाजलं. टिकाराम. एकटाच, पिशवी घेऊन. माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, उरलेलं पाहून देतो, राहण्यासारखं हाय का नाही तेवढं सांगतो. मी दार उघडं ठेवलं आणि बाजूला झाली.

त्यानं दोन तास घातले. मी असं काम आयुष्यात पाहिलं नाही. वीतभर जागा सोडली नाही. कंचा ठेवला, तो तुरतुर करत मागं ताडपत्रीकडे गेला, यानं लंगडत जाऊन उचलून आणला, परत दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी माझ्यासमोर उभा राहून म्हणाला की खाली बोडी हाय, सैपाकघराची भिंत सुटली हाय, तिथं झोपू नका. समोरची खोली दोन पावसाळे काढेल, तिसरा काढणार नाही. त्याच्या आधी सोडा. एकही शब्द खोटा नव्हता. आईनं विचारलं होतं त्याचं उत्तर त्यानं दिलं, फक्त आई नव्हती.

मी माठातलं पाणी गिलासात ओतलं आणि त्याच्यापुढं धरलं. ओठ सुकून पांढरे पडले होते त्याचे. त्यानं गिलासाकडे पाहिलं, मान हलवली आणि चपला शोधायला लागला. घरात खोट होती न. नियम म्हणजे नियम. तेव्हा माझ्या आंगाची आग आग झाली. त्यानं ते पाणी पिऊन टाकलं असतं तर कदाचित मी पुढचं केलं नसतं. कदाचित केलंही असतं.

फाटकाशी तो वळला.

"मी आलतो म्हणून जवायाले सांगू नका, बाई. पोरीवर निघते सगळं."

मी बरं म्हटलं. तो दिसेनासा झाल्यावर गिलास तसाच ओट्यावर ठेवला, घराला कुलूप लावलं आणि सरळ कैलाशच्या हापिसात गेली. तिथं दोनचार माणसं होती, घर घ्यायला आलेली. मी त्यांच्यासमोर सांगितलं की तुमचे सासरे आज माझं घर पाहून गेले, खाली बोडी आहे म्हणाले, पाणी प्याले नाहीत. एवढंच. आवाज चढवला नाही. यातलं खोटं काय होतं? सगळं खरं होतं. घेणारी माणसं एकमेकांकडे पाहत उठली. कैलाश हसला नाही. मला बरं वाटलं, सांगते न, फार दिवसांनी भूक लागली त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी होती. दहाच्या सुमारास टिकाराम आणि देवकाबाई रक्षाला ऑटोतून घेऊन आले. डावा डोळा बंद, जबडा एका बाजूला सरकलेला, उजवा हात कोपरातून लोंबत होता. देवकाबाई पदरात तोंड घालून बसली. टिकाराम भिंतीशी उभा राहिला, हातोडी नसताना बोटानं प्लास्टरवर टकटक करत. त्याला समजलं होतं कोणी सांगितलं ते.

रक्षाला नीट बोलता येत नव्हतं. मी रजिस्टर उघडलं, पेन घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, काय झालं? तिनं एक डोळा माझ्यावर रोखला. तिलाही माहीत होतं. मग हळूहळू, एक एक शब्द सोडत म्हणाली, मोरीत पाय घसरला.

मी लिहिलं, मोरीत पाय घसरून पडली. खाली सही केली. ती पाणी मागत होती, जबड्यामुळे गिलास लावता येईना, म्हणून मी चमच्यानं पाजलं.